पहाटे साडेपाचला आप्पाचा फोन येतो अन् मी तवर झोपलेलोच नसतो

जागरणगोंधळ | २ डिसेंबर, रात्री ३:४७

टायमिंग बघितलंच असंल. हे रोजचं झालंय म्हणून लिहायलो, कुणाला काही माहीत असंल तर सांगा.

मी अहमदपूर तालुक्यातला, संभाजीनगरला इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला आहे. रूमवर तिघं असतो. दिवाळीपासून झोप येईना गेलीय. अकराला आडवा होतो, मग मोबाईल, मग मोबाईल उशीखाली ठेवतो, मग परत काढतो, मग पंखा बघत पडतो (थंडी आहे, पंखा बंदच आहे, तरी बघतो), असं करत चार वाजतात. साडेपाचला आमच्या आप्पाचा फोन येतो. आठवडा रात्रीच्या लाइनचा (रानातल्या मोटारीची वीज) असला की ते रात्रभर हरभऱ्याला पाणी देऊन घराकडं येताना करतात, दिवसाची लाइन असली की रानात जायच्या आधी. "उठलास का?" "उठलोय की, अभ्यास करायलोय." "बरं, चालू दे." संपला फोन. कॉल लॉग उघडला तर एकाखाली एक १३ सेकंद, ११ सेकंद, १४ सेकंद. फोन ठेवला की मला झोप लागते ती डायरेक्ट अकराला उघडते. पहिली दोन लेक्चरं रोज जातात, अटेंडन्स साठच्या खाली आलाय, गणिताचा पेपर एम-थ्री बॅक आहे आणि पेपर ५ जानेवारीपासून.

घरचं म्हणाल तर सप्टेंबरच्या पावसात सोयाबीन गेलं. ते सगळ्यांचंच गेलं म्हणा. हाती आलं ते काळं पडलेलं, २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५३२८ कागदावर, आमच्या मालाला काय मिळालं ते आप्पा मला सांगत बी नाहीत. स्कॉलरशिपचा पैसा आला नाही, फीसाठी ऑफिसात रोज नाव पुकारतात.

परवा रूममेटनं ओळखीच्या मेडिकलवरून आणलेली झोपेची गोळी दिली, अर्धी. लागली राव झोप. पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोक्यात भुसा भरल्यासारखं. तरी आज परत घ्यावी वाटायली. घेऊ का?

धपाटे_दही | ३ डिसेंबर, सकाळी ७:१०

नको घेऊ. कामून ते नंतर लिहिते, आता लेक्चर आहे.

बनी_तो_बनी | ३ डिसेंबर, सकाळी ८:०२

भावा कॉलेजात कोण झोपतंय. तरी आमच्या परभणीचा घरगुती इलाज घे: कोमट दुधात जायफळ, आणि तळपायाला खोबरेल लावून काशाच्या वाटीनं घासायचं. आजी करायची, मी अजून करतो. झोपेचं माहीत नाही पण पाय लई मऊ झालेत.

मास्तर_निवृत्त | ३ डिसेंबर, सकाळी ९:३०

आम्ही कंदिलावर अभ्यास केला. नऊला झोप, चारला उठून विहिरीवर अंघोळ. तेव्हा स्ट्रेस हा शब्दच नव्हता. मुला, मोबाईल फेकून दे, दहा सूर्यनमस्कार घाल, आठ दिवसांत फरक पडेल.

सिडको_एन_६ | ३ डिसेंबर, सकाळी ९:४१

सर, मोबाईल फेकला तर स्कॉलरशिपचा ओटीपी कुठं येणार, विहिरीवर का?

मास्तर_निवृत्त | ३ डिसेंबर, सकाळी ९:५८

चेष्टा करा. पण बाप पहाटे साडेपाचला फोन करतो अन् पोरगं खोटं बोलतं, याची झोप कशी लागेल तुम्हीच सांगा.

सिडको_एन_६ | ३ डिसेंबर, सकाळी १०:०४

हे मात्र बरोबर बोललात सर.

अभ्यासिका_सीट_१७ | ३ डिसेंबर, दुपारी २:२०

मी औरंगपुऱ्याच्या जवळ चोवीस तास चालणाऱ्या अभ्यासिकेत बसते, एमपीएससी, तिसरा अटेम्प्ट, त्यामुळं झोप घालवण्यात माझी पीएचडी झालेली आहे असं समज. एक विचारते, तू संध्याकाळी काय पितोस? कारण आमच्या इथं रात्री नऊ वाजता पोरं खाली जातात ते एनर्जी ड्रिंकची वीस रुपयाची लाल बाटली घेऊनच वर येतात, आणि मग दोन वाजता एकमेकांना विचारतात झोप का येईना. मी पण त्यातलीच. मग एकदा बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं. नियमानं अशा पेयात लिटरला ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालतं, म्हणजे २५० मिलीच्या बाटलीत ७५ च्या आसपास असू शकतं. कॅफीनचा निम्मा भाग अंगातून जायलाच पाच-सहा तास लागतात, म्हणजे नऊची बाटली पहाटे तीनला निम्मी अजून रक्तातच. आणि ते ताकद देत नाही बरं का. दिवसभर जागं राहिलं की मेंदूत ॲडिनोसिन नावाचं एक रसायन साठत जातं, त्यानंच झोप दाटून येते, कॅफीन फक्त त्याच्या खुर्चीवर जाऊन बसतं. ॲडिनोसिन साठलेलंच असतं, खुर्ची रिकामी झाली की सगळं एकदम कोसळतं. तुझी अकरापर्यंतची झोप म्हणजे तेच असेल बहुतेक.

दुसरं, तू आळशी वगैरे नाहीस. विशीच्या आसपास शरीराचं घड्याळच जरा उशिरा सरकलेलं असतं. या घड्याळाच्या जीन्सवर २०१७ चं मेडिसिनचं नोबेल मिळालं, हॉल, रोसबाश आणि यंग, फळमाशीवरचं काम. चालू घडामोडीत पाठ केलं होतं, प्रश्न आला नाही तो नाहीच.

जागरणगोंधळ | ३ डिसेंबर, दुपारी ४:१५

ताई चहा पितो, बाटली पण पितो, दोन्ही. रात्री दहाला टपरीवर शेवटचा चहा असतो, ते अभ्यासासाठी नाही, सगळे जातात म्हणून जातो.

धपाटे_दही | ३ डिसेंबर, रात्री ८:४५

सकाळी म्हणलं होतं कामून ते लिहिते.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला मी ती गोळी आठ महिने घेतली. अर्धीनं सुरू केलं, मैत्रिणीच्या आईची होती. महिन्यात एक लागायला लागली, नंतर दीड. मग एकदा गावाकडं जाताना स्ट्रिप रूमवर राहिली. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही, हात थरथरायलेत, छातीत धडधड, घाम. आई म्हणली पोरीला बाहेरचं लागलंय, उतारा टाकला, लिंबं बी टाकली. मला कळत होतं काय झालंय पण सांगणार कुणाला. शेवटी डॉक्टरनी तीच गोळी थोडी थोडी कमी करत अडीच महिन्यांत सोडवली. एकदम बंद करायची नसते हे पण तेव्हाच कळलं.

तू एकच अर्धी घेतलीस. तिथंच थांब.

ओपीडीतली_ताई | ३ डिसेंबर, रात्री १०:३०

धपाट्याची गोष्ट वाचून लिहायला बसले. मी मानसोपचार विभागात सिस्टर आहे, सरकारी दवाखान्यात, पंधरा वर्षं झाली. नाव-गाव सांगत नाही.

आधी गोळीचं. वर्णनावरून अल्प्राझोलाम किंवा त्याच्याच जातीतली दिसते. ही शेड्यूल एच-वन मधली औषधं आहेत. चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीत, दिली की दुकानदारानं वेगळ्या रजिस्टरला नोंद करून ती तीन वर्षं जपायची असा नियम आहे. तुझ्या रूममेटच्या 'ओळखीच्या' मेडिकलवर तसलं काही झालेलं नसणार. गोळी वाईट नाही रे, डॉक्टर देतात, थोड्या दिवसांसाठी, बघून. पण दारूबरोबर गेली तर श्वासावर येते, आणि हॉस्टेलच्या पोरांचं शनिवारी काय चालतं ते मला माहीत आहे.

आता एक सरळ विचारते, सगळ्यांना विचारते तसं, रागावू नको. मरावंसं वाटतं का? स्वतःला काही करून घ्यावं असा विचार येतो का? इथं लिहायचं नसेल तर मला मेसेज कर. पण उत्तर दे.

जागरणगोंधळ | ४ डिसेंबर, रात्री २:१०

करून घ्यावं असं नाही ताई. पण दोन-तीनदा असं वाटलं की सकाळ झालीच नाही तर बरं होईल. फोन वाजायच्या आधी. हे कुणाला बोललो नव्हतो.

ओपीडीतली_ताई | ४ डिसेंबर, सकाळी ६:२०

बरं झालं बोललास. हे वाटणं आम्ही रोज ऐकतो, तू एकटा नाहीस. पण हे हलकं घ्यायचं नसतं, म्हणून आजच एक काम कर. १४४१६ लाव. टेली-मानस म्हणतात, केंद्र सरकारचं आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. नाव सांगायची जबरदस्ती नाही. आणि आज रात्री रूममेटला एवढंच सांग की माझं डोकं ठिकाणावर नाही, मला एकट्याला सोडू नको. त्याच्याकडच्या गोळ्या त्याच्याच बॅगेत कुलपात. विचार वाढले, किंवा कसं करायचं तेही डोक्यात यायला लागलं, तर फोनची वाट न बघता घाटीत (तिथल्या सरकारी दवाखान्यात) कॅज्युअल्टीला जायचं, रात्री तीन वाजले असले तरी.

आणि कुणी म्हणालं की असं बोललं तर पोलीस केस होते, तर ते डोक्यातून काढ. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात ११५ कलम आहे, प्रयत्न केलेल्या माणसालाही तो तणावाखाली होता असंच धरतात, शिक्षा नाही, उलट उपचार देणं सरकारवर आहे. तू तर नुसतं बोललास.

झोपेचं उद्या सांगते, ते तसं सोपं आहे पण तुला आवडणार नाही.

सिडको_एन_६ | ४ डिसेंबर, सकाळी ११:००

भाई मी एन-सिक्सलाच राहतो, चहा प्यायला बोलव कधी पण. दहाच्या आधीचा चहा हां.

पण एक विचारू, तुमच्या कॉलेजात काउन्सेलर नाही का? आमच्या इथं 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी आहे, लई भारी पाटी, आत मात्र स्पोर्ट्सचे मॅट आणि जुन्या उत्तरपत्रिका. किल्ली विचारली तर शिपाई म्हणतो कॅरम पाहिजे का.

अभ्यासिका_सीट_१७ | ४ डिसेंबर, दुपारी १:१५

जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टानं याच्यावर पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्यात. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथं किमान एक प्रशिक्षित समुपदेशक पाहिजे, आणि टेली-मानससारखे नंबर हॉस्टेलात, वर्गात, वेबसाइटवर ठळक लावायचे. कोचिंग क्लासला पण लागू. तुमच्या मॅटवाल्या खोलीचा फोटो काढून प्राचार्यांना अर्ज द्या, चार जणांच्या सह्या घेऊन. एकट्यानं दिला तर फाईलला जातो.

सिडको_एन_६ | ४ डिसेंबर, दुपारी १:३२

सह्या करायला पोरं तयार आहेत, वर पहिलं नाव कुणाचं टाकायचं यावर तीन दिवस जातील.

जागरणगोंधळ | ४ डिसेंबर, रात्री ९:५०

लावला फोन. टपरीच्या मागं जाऊन लावला, रूमवर लाज वाटत होती. आधी रेकॉर्डिंग, भाषा निवडा वगैरे. मग एक मॅडम बोलल्या, मराठी आपल्याकडची नव्हती पण साफ होती. मला वाटलं त्या विचारतील काय प्रॉब्लेम आहे, अन् मला सांगता येणार नाही. त्यांनी विचारलं "जेवण झालं का?" अन् मला एकदम रडू आलं, काय कारण नाही, मेसमध्ये वांग्याची भाजी होती ती मी खाल्ली नव्हती एवढंच. वीस-बावीस मिनिटं बोललो. परत फोन करून विचारपूस करू का म्हणल्या, हो म्हणलो. रूममेटला पण सांगितलं. तो म्हणला "येड्या आधी सांगायचं की", अन् गोळ्याची स्ट्रिप संडासात टाकून आला.

ओपीडीतली_ताई | ५ डिसेंबर, रात्री ८:००

छान. स्ट्रिप संडासात टाकायची नसते पण असू दे आता.

आता झोप. तू अकराला झोपायला जातोस हेच चुकतंय. झोप आलेली नसताना गादीवर पाच तास तळमळायचं, त्यानं डोक्याला सवय लागते की गादी म्हणजे काळजी करायची जागा. म्हणून उलटं करायचं. रात्री किती वाजता झोपायचं हे सध्या विसर, सकाळी किती वाजता उठायचं ते एकदा ठरव आणि ते हलवायचं नाही. रविवारी नाही, रात्रभर जागलास तरी नाही. तुझ्याकडं तर फुकटचा अलार्म आहे, साडेपाचचा. फोन आला की उठायचं, खरंच उठायचं, तोंड धुऊन बाहेर पडायचं आणि उजाडलं की अर्धा तास उन्हात चालायचं. डोळ्यावर सकाळचा उजेड पडला की शरीराचं उशिरा सरकलेलं घड्याळ परत लवकरकडं येतं.

रात्री साडेबाराच्या आधी गादीला पाठ टेकवायची नाही. साडेबारा ते साडेपाच, पाचच तास. अभ्यास, मोबाईल, जेवण, काहीच गादीवर नाही. पडल्यावर वीसेक मिनिटांत लागली नाही असं वाटलं (घड्याळ बघायचं नाही) तर उठून खुर्चीवर बसायचं, कंटाळवाणं काहीतरी वाचायचं, डोळे मिटायला लागले की परत. दुपारची झोप बंद. दुपारी दोननंतर चहा नाही, बाटली तर नाहीच. आठवडाभर गादीवरचा बहुतेक वेळ झोपेत जायला लागला की पंधरा मिनिटं वाढवायची, असं करत सात तासांपर्यंत यायचं. कायम पाच तासांवर राहायचं नाहीये हां, तुझ्या वयाला सात ते नऊ लागतात.

हा जगभर मान्य असलेला उपचार आहे, निद्रानाशाला गोळीच्या आधी हाच देतात. पण फिट येत असेल, किंवा मधूनच दोन-दोन दिवस न झोपताही लई उत्साह येतो असं काही होत असेल तर हे घरी करायचं नाही, आधी डॉक्टर. तुला तसं काही?

जागरणगोंधळ | ५ डिसेंबर, रात्री ८:२२

तसलं काय नाही. उत्साहाचं तर विचारूच नका.

मास्तर_निवृत्त | ५ डिसेंबर, रात्री ९:०५

मी चारला उठायचं म्हणत होतो तेच हे झालं.

ओपीडीतली_ताई | ५ डिसेंबर, रात्री ९:१२

उठण्याचं तुमचं बरोबर होतं गुरुजी. नऊला झोप म्हणालात ते चुकलं.

जागरणगोंधळ | ९ डिसेंबर, संध्याकाळी ६:४०

चार दिवस झाले, बेकार हालत आहे. रात्री अकरा ते साडेबारा म्हणजे सक्तमजुरी. रूममेट घोरायलेत अन् मी खुर्चीवर बसून मशीन ड्रॉइंगचं पुस्तक वाचायलोय. मेसच्या कुपनाच्या मागं लिहून ठेवतो किती वाजता पडलो, किती वाजता लागली असंल. ६ तारीख: पडलो १२:३०, लागली अंदाजे ३. ७: अंदाजे २. ८: आठवत नाही, म्हणजे लवकर लागली असावी. काल लेक्चरला पहिल्या बेंचवर बसून झोपलो, सरांनी खडू मारला. पण लेक्चरला होतो! सकाळी आमखास मैदानाकडं चालून येतो, तिथं म्हातारी माणसं हसायची प्रॅक्टिस करतात, मोठमोठ्यानं. पहिल्या दिवशी मला वाटलं मलाच हसायलेत.

येळवशीला (मार्गशीर्ष अमावस्येचा रानातला सण) गावाकडं जायचंय, १८ ला रात्री मित्राच्या गाडीवर निघावं म्हणतो, दोघं आलटून पालटून चालवू. एसटीला गर्दी राहते.

गंजगोलाई_०२ | ९ डिसेंबर, संध्याकाळी ७:०५

अजिबात नको. मी दोन वर्षांमागं असाच रात्रीचा निघालो होतो लातूरला, मांजरसुंब्याच्या घाटात डोळा लागला, डांबर सोडून खडीचा आवाज आला म्हणून जाग आली. नुसता आवाज. त्यानंतर तीन-चार मिनिटं गाडी स्टँडला लावून उभा होतो, पाय लटलट करायले होते.

सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाचा हात-डोळ्याचा ताळमेळ मोजून बघितलाय, १९९७ ला 'नेचर'मध्ये आलं होतं, रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखा होतो. आपल्याकडं १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमची लिमिट आहे, म्हणजे ०.०३. तू सकाळी साडेपाचला उठतोस तर रात्री साडेदहालाच ती लिमिट ओलांडून बसलेला असतोस, एक थेंब न पिता. आणि तुझी तर पाच-पाच तासांची उधारी चालू आहे.

एसटीनं ये. गर्दी तर गर्दी.

ओपीडीतली_ताई | ९ डिसेंबर, रात्री ८:३०

गंजगोलाईनं माझं काम केलं. हे सांगायचं राहिलंच होतं, माझी चूक. हा उपचार चालू असताना गाडी चालवायची नाही.

बनी_तो_बनी | १० डिसेंबर, सकाळी ८:१५

काशाच्या वाटीला अजून कुणी काही बोललं नाही.

अभ्यासिका_सीट_१७ | १० डिसेंबर, सकाळी ८:४०

वाटीत नुकसान नाही, घासत राहा.

जागरणगोंधळ | १६ डिसेंबर, रात्री १०:०५

मागचे चार दिवस पडलो की अर्ध्या तासात लागायली. ताईनं पंधरा मिनिटं वाढवून दिली, सव्वाबारा. पंधरा मिनिटाचा एवढा आनंद मला बारावीच्या रिझल्टला बी झाला नव्हता. १४४१६ वरून मॅडमचा फोन आला होता, विसरल्या नव्हत्या. सकाळ होऊ नये वाला विचार ८ तारखेनंतर आला नाही, आला तर सांगेन म्हणलो. एम-थ्रीचे दोन युनिट झाले. सकाळी सहा ते आठ जे वाचतो ते राहतंय डोक्यात, रात्री तीनला तेच पान चार-चारदा वाचायचो.

फी तशीच आहे, स्कॉलरशिप आली नाही. ते झोपल्यानं येत नाही.

जागरणगोंधळ | २१ डिसेंबर, रात्री ९:३०

गावाकडं आहे, पीएल (परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी) चालू झाली.

१९ ला येळवस झाली. रानात कडब्याची कोप केली, पूजा झाली, आंबील, भज्जी, उंडे, पाहुणे. औंदा माणसं कमी होती. चुलता म्हणला सोयाबीन गेलं तरी हरभरा डौलात आहे. जेवून सगळे पांगले, मी अन् आप्पा कोपीपाशी बसलो होतो. मी म्हणलं, आप्पा तुम्ही साडेपाचला फोन करायचा तवा मी उठलेला नसायचो, झोपलेलोच नसायचो, खोटं बोलायचो. सगळंच सांगितलं, गोळीचं पण. सकाळ होऊ नये वाटायचं ते नाही सांगितलं, ते पुढं बघू.

लई वेळ काही बोलले नाहीत. आंबिलीचं मडकं हातात होतं, त्याच्या काठाला वाळलेलं पीठ नखानं काढत बसले. मला वाटलं आता बोलतील फीबद्दल. तर म्हणले, "मलाबी कुठं लागती."

मी म्हणलं लाइन रात्रीची असल्यावर कशी लागंल. तर म्हणले दिवसाची असल्यावर बी लागत नाही. पाऊस झाल्यापासून. दोनला उठून बसतात, आईला कळू नये म्हणून बाहेर बाजेवर. साडेपाच कधी वाजतेत बघत. "तू उठलेला असतूस म्हणून बरं वाटायचं रे, कुणीतरी जागं आहे."

मला पुढं काही बोलता आलं नाही.

आशाचं_लेकरू | २१ डिसेंबर, रात्री १०:१०

माझी आई आशा वर्कर आहे, धाराशिव जिल्हा. आपल्या आठ आणि विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत २०१५ ला सरकारनं प्रेरणा प्रकल्प काढला होता शेतकऱ्यांसाठी. त्यात आशा घरोघर जाऊन विचारायच्या, झोप लागते का, भूक लागते का, कशात मन लागतं का, असे प्रश्न. आई म्हणते गडी माणूस कधीच म्हणत नाही मी दुःखी आहे. म्हणतो झोप येईना, पित्त झालंय, पाठ दुखायली. म्हणून ती आधी झोपेचंच विचारते, तिथून गाठ सुटते.

काका दोनला उठून बसतात, तीन महिने झाले म्हणतोस. दाखव त्यांना. आणि गावातल्या आशाताईला सांगून ठेव, ती बोंबलणार नाही.

ओपीडीतली_ताई | २१ डिसेंबर, रात्री १०:४०

तुझ्यासारखं खुर्ची-गादीचं यांना सांगू नको. पहाटे दोनला जाग येऊन परत न लागणं हे वेगळं असू शकतं, आणि रात्री पाणी द्यायचं म्हणल्यावर घड्याळाचा प्रश्नच वेगळा. लातूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजला मानसोपचार विभाग आहे, तुम्हाला अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ पण जवळच पडेल. बीपी, शुगर, थायरॉइड हे पण बघून घेतील. चाललेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायच्या, पाठदुखीच्या पण. आणि बाजेवर एकटे बसतात तेव्हा मनात काय येतं, हे डॉक्टर विचारतील. त्याआधी तू विचारलंस तरी चालतं, विचारल्यानं विचार वाढत नाहीत. फवारणीची औषधं कुठं ठेवता तेही बघ. खोलीला कुलूप लाव, किल्ली तुझ्याकडं.

जागरणगोंधळ | २२ डिसेंबर, सकाळी ६:१५

कुलूप लावलं. आईनं विचारलं कशाला, म्हणलं शेजारचं लेकरू खेळायला येतं.

आप्पा तयार झालेत, पण 'डोक्याचा डॉक्टर' म्हणलं नाही, झोपेचा म्हणलं. ते म्हणले गुरुवारी जाऊ.

ओपीडीतली_ताई | २२ डिसेंबर, सकाळी ६:५०

गुरुवारी नाताळची सुट्टी, ओपीडी बंद असते. शुक्रवारी या. केसपेपरची लाइन लवकर लागते, नऊच्या आत पोचा. आधार कार्ड ठेवा. झोपेचा डॉक्टर म्हणलास ते बरोबरच आहे.

जागरणगोंधळ | २२ डिसेंबर, सकाळी ७:०५

शुक्रवारी लाइन दिवसाची आहे, पाण्याचं चुलता बघतो म्हणलाय. लातूरला पहाटे पाचची गाडी धरतो. साडेपाचला फोन यायचा नाही त्या दिवशी, शेजारच्याच सीटवर असतील.